मागच्या टायरची कड

मित्रांनो, स्वतःला जुनी म्हणवून घ्यावं इतकं काही माझं वय झालेलं नाही. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या गाड्या अजून रस्त्यावर हुंदडताहेत. मी मात्र इटलीतल्या कास्तानेतो घाटाच्या माथ्यावर, एका खानावळीच्या भिंतीला टेकून उभी आहे. पुढचे दांडे वाकलेत, टाकीला पोचा आलाय, एक आरसा गेलाय. दर रविवारी लोक मला बघायला येतात, पण माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही. सगळे मागे जातात, वाकतात आणि माझ्या मागच्या टायरची कड बघतात. का बघतात, ते सांगते. ऐकताना मध्येच हसू आलं तर खुशाल हसा. त्या दिवशी सगळेच हसले होते.

आमच्या प्रकाराच्या मोटरसायकलीला इथे ‘उघडी’ म्हणतात. शर्यतीच्या गाड्यांना असतं तसं प्लॅस्टिकचं कवच आमच्या अंगावर नसतं. इंजिन, नळ्या, सांगाडा, सगळा संसार चारचौघांत मांडलेला. दिसायला तिखट आणि बसायला सोपी. त्यातून मी नवशिक्यांसाठी बनवलेली. नवा परवाना मिळालेल्या पोरांना इथे पहिली दोन वर्षं फार ताकदीची गाडी चालवता येत नाही, तसा कायदाच आहे. म्हणून कारखान्यातच माझ्या घशात एक बूच बसवलं. मूठ कितीही पिळली तरी एका हद्दीपलीकडे श्वास आत जायचा नाही.

दुकानात शेजारी उभ्या असलेल्या दांडग्या गाड्या मला हिणवायच्या. म्हणायच्या, “तुझ्यावर शिकतील आणि शिकून झालं की तुला विकून आमच्याकडे येतील.” ते खरंच होतं. आम्ही शिकवणाऱ्या, आमच्याजवळ कुणी राहत नाही. तेव्हा मला याचं फार वाईट वाटायचं. आता वाटतं, मिर्ना मला टाकून गेली असती तर काय बहार झाली असती! दुसऱ्या मोठ्या गाडीवर बसून, मागे वळूनही न बघता निघून गेली असती, तर मी एखाद्या कोपऱ्यात आनंदाने गंजत पडले असते.

मिर्ना मला घ्यायला आली ती आईला घेऊन. आई म्हणजे ओरिएले, या घाटमाथ्यावरच्या खानावळीची मालकीण. दणकट बाई, हातावर पिठाचे डाग कायमचे. तिने मला गुरं पारखतात तसं चारही बाजूंनी बघितलं आणि विक्रेत्याला विचारलं, “हिला लगाम आहे ना?”

“आहे बाई. कायद्याप्रमाणे.”

“पोरीला काढता नाही ना यायचा?”

“मम्मा!” मिर्ना ओशाळून म्हणाली. “मी कशाला काढू?”

“तू नाही काढणार गं. पण तू नेव्हिओची पोर आहेस, म्हणून विचारलं.”

नेव्हिओ म्हणजे मिर्नाचे वडील. ते फुप्फुसांच्या आजाराने गेले, अंथरुणात. घाटातला पट्टीचा मोटरसायकलवाला अंथरुणात गेला, याचं गावाला अजून नवल वाटायचं.

मिर्ना खाली शहरात सोफे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. रोज सकाळी आम्ही दोघी घाट उतरायचो आणि संध्याकाळी चढायचो. पोरगी फार छान चालवायची हो. वळण यायच्या आधीच वेग कमी करायची, नजर वळणाच्या पलीकडे ठेवायची आणि मुठीला कधी हिसका द्यायची नाही. पावसात, धुक्यात, नांगराने रस्त्यावर आणलेल्या चिखलात, मला तिने एकदाही घसरू दिलं नाही. दर आठवड्याला माझ्या साखळीला तेल मिळायचं. कारखान्यात उरलेल्या हिरव्या चामड्याच्या तुकड्यांतून तिने माझ्यासाठी नवी गादी शिवली. टाके असे एकसारखे, की लोक दुकानाचं नाव विचारायचे. ती गादी अजून माझ्या अंगावर आहे. उन्हाने तडकली आहे, पण टाका एकही उसवलेला नाही.

आता रविवारचं सांगते. रविवारी सकाळी आमच्या सगळ्या रोमान्या प्रांतातल्या मोटरसायकली या घाटात येतात. माथ्यावर ओरिएलेची खानावळ. ती गरम तव्यावर पियादिना भाजते, म्हणजे आपल्या भाकरीची मैद्याची बहीण म्हणा, आणि तिच्यात हॅम आणि मऊ चीज घालून दुमडून देते. खानावळीच्या दर्शनी भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक आहे. बाक ओरिएलेचा, पण त्यावर कोण बसणार हे ठरवायचा लेआर्को.

लेआर्को फरश्या बसवायचं काम करतो. नेव्हिओचा जिवलग दोस्त. नेव्हिओच्या आजारपणात ओरिएलेला न सांगता तिच्या दारात लाकडं फोडून रचून जायचा. माणूस वाईट म्हणून सोडून देता आला असता तर माझं काम सोपं झालं असतं. तसा तो नाही.

बाकाचा नियम असा. नव्या टायरच्या कडेला रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघतानाच येतात. गाडी सरळ चालली की टायरचा मधला भाग झिजतो. वळणात जितकी तिरकी कराल तितकं झिजणं कडेकडे सरकतं. अगदी झोपवली की कड घासली जाते, केस जातात. म्हणजे टायरकडे बघितलं की चालवणारा वळणात किती वाकतो ते कळतं. कडेला कोरी पट्टी राहिली, म्हणजे तो भित्रा. माणूस आला की लेआर्को आधी रामराम करायचा नाही. आधी मागे जाऊन वाकायचा आणि मग ठरवायचा, हा बाकावर बसणार की उभ्याने कॉफी पिणार.

माझ्या टायरला दोन्ही कडांना बोटभर कोरी पट्टी होती, आणि केस जसेच्या तसे.

“आली आमची केसाळ!” लेआर्को ओरडायचा आणि बाकावरचे सगळे खिदळायचे.

“लेआर्कोकाका, मी कामावर जाते, सर्कशीत नाही,” मिर्ना म्हणायची.

“अगं पोरी, टायरचे पैसे पूर्ण दिलेस ना? मग वापरतेस अर्धाच का?”

“उरलेला तुम्हाला देईन. डोक्यावर लावा.”

लेआर्कोच्या डोक्यावर एक केस नव्हता. सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा. अशी थट्टा चालायची आणि मिर्ना तोडीस तोड उत्तर द्यायची, त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पण मी तिच्या मांड्यांखाली होते. घरी जाताना तिचे गुडघे माझ्या टाकीला कसे आवळून धरलेले असायचे, ते मलाच माहीत.

बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला नेव्हिओची जागा होती. तिथलं लाकूड त्याच्या बसण्याने गुळगुळीत झालेलं आणि वर भिंतीवर त्याचा फोटो. तो गेल्यापासून तिथे कुणी बसत नव्हतं. मिर्नाला बाकी काही नको होतं, शाबासकी नको, टाळ्या नकोत. तिला रविवारी सकाळी तिथे बसून बाबांच्या जागेवरून दरी बघत कॉफी प्यायची होती. एवढंच तिचं मागणं होतं. एकदा तिने तोंड उघडून विचारलंही.

“काका, बाबांच्या जागेवर बसू?”

लेआर्कोने त्या गुळगुळीत लाकडाकडे बघितलं. मला वाटलं, आता हा सरकेल आणि म्हणेल, बस बाळा. पण बाकावर चारजण बसले होते आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.

“बस की,” तो म्हणाला. “आधी केस काढून ये.”

मग मिर्नाने काय केलं माहीत आहे? मला खोपटात नेलं, मागचं चाक उचलून धरलं आणि कारखान्यातून आणलेल्या जाड सॅंडपेपरने माझ्या टायरच्या कडा घासत बसली. तिच्या कपाळावर घाम आणि मला गुदगुल्या. लाजही वाटत होती आणि हसूही येत होतं. खरंच सांगते, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली संध्याकाळ होती. कारण तो शुद्ध खोटेपणा होता आणि त्यात कुणाच्या जिवाला धक्का नव्हता. हे लबाड टायर लेआर्कोच्या डोळ्यांत भरू दे, अशी मी मनापासून प्रार्थना केली.

रविवारी तो वाकला. बोट थुंकीने ओलं करून कडेवरून फिरवलं. मग खाली गुडघ्यावर बसला आणि चष्मा लावला.

“इकडे या रे सगळे,” तो म्हणाला. “रस्ता घासतो तो लांबीत घासतो. हे आडवे ओरखडे बघा. हिने टायर रस्त्यावर नाही, किसणीवर घासलंय! काय गं मिर्ना, टायर किसलंस की चीज?”

“पियादिनात घाला थोडं!” बाकावरून कुणीतरी ओरडलं.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ओरिएले कॉफीचे पेले घेऊन दारात आली होती. तिने ऐकलं, माझ्या टायरकडे बघितलं आणि तीही हसली. तबक हलून पेले किणकिणले, इतकी हसली. मिर्नाने सगळ्यांकडे बघितलं, पण डोळे थांबले ते आईवर. मग ती मला ढकलत खोपटाकडे घेऊन गेली.

संध्याकाळी आवराआवर करताना ती आईला म्हणाली, “मम्मा, तू पण हसलीस.”

“अगं, हसू आलं. त्यात काय एवढं? लेआर्को तुझ्या बाबांनाही असाच छळायचा.”

“मग बाबांनी काय केलं?”

“त्यांनी?” ओरिएलेने तवा पुसता पुसता मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर जुना अभिमान उजळला, मी खिडकीतून बघितला. “ते सॅंडपेपर घेऊन नाही बसले. एका उन्हाळ्यात दोन्ही कडा साफ करून आले आणि त्या बाकावर असे जाऊन बसले की लेआर्कोची बोलती बंद!”

बाईने माझा लगाम दोनदा तपासून घेतला होता, मित्रांनो. कायद्याने माझ्या घशात बूच बसवलं होतं. पण त्या रविवारपासून पोरीच्या मनात जे पेटलं, त्याला बूच कुठलं? ते मूठ पिळून आलंच नव्हतं. ते हसण्यातून आलं होतं आणि मग आईच्या एका वाक्यातून.

दुसऱ्या दिवसापासून मिर्ना कामावरून सुटली की सरळ घरी येईना. घाटात खाली-वर, खाली-वर. प्रत्येक वळणात मला आधीपेक्षा थोडी जास्त झोपवायची. पाय टेकायची पट्टी रस्त्याला घासून ठिणग्या उडायच्या. चालवायला ती हुशार होतीच, त्यामुळे जमायला लागलं. उजवी कड आठवड्याच्या आतच साफ झाली. ती उतरून हात फिरवायची आणि स्वतःशीच हसायची. डाव्या कडेला थोडेच केस राहिले होते.

डावीकडे पार कडेपर्यंत झोपवता येईल इतकं रुंद असं एकच वळण, पाणचक्कीचं. एरवी ते फार गोड वळण आहे. पण ऑक्टोबर लागला होता. त्या वळणावर दोन्ही बाजूंनी चेस्टनटची झाडं आहेत, आणि त्या दिवसांत त्यांची पानं आणि काटेरी बोंडं गळून सावलीतल्या ओल्या रस्त्यावर पसरतात. हे मिर्नाला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. गेल्या वर्षी याच दिवसांत ती तिथून मला आजारी माणसासारखी सांभाळून नेत होती. पण उद्या रविवार होता.

तिने मला डावीकडे झोपवलं. फार सुंदर झोपवलं, खोटं सांगणार नाही. मग माझ्या मागच्या चाकाखाली रस्ता उरला नाही. मी घसरत गेले, ती माझ्याबरोबर घसरत आली आणि पलीकडे दगडी कठडा होता. तो आम्हा दोघींना लागला. मला दुरुस्त करता आलं असतं.

रविवारी घाटात एकही गाडी जोरात आली नाही. लेआर्कोने मला स्वतःच्या टेम्पोतून आणलं आणि खानावळीपुढे उतरवलं. माणसं टोप्या काढून उभी. सगळे हळू आवाजात बोलत होते. कुणी म्हणालं, टायर गार असणार, गार टायर घसरतं. कुणी म्हणालं, दर वर्षी पानं पडतात, ग्रामपंचायत झाडत नाही. एकजण म्हणाला, नवशिक्यांची गाडी हलकी असते, धरत नाही. बाकाचं नाव कुणी काढलं नाही. त्या बाकावर नेहमीप्रमाणे माणसं बसली होती.

लेआर्को माझ्या मागे आला. तो वाकला. सवयीने वाकला की मुद्दाम, मला नाही सांगता यायचं. कठड्यापर्यंत घसरताना माझी डावी कड रस्त्याने साफ घासून काढली होती. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं आणि त्याला रडू फुटलं.

“कडेपर्यंत,” तो म्हणाला. “दोन्ही बाजूंनी कडेपर्यंत. शाब्बास गं मिर्ना. शाब्बास.”

जो शब्द ऐकायला पोरीने जीव टाकला, तो शब्द आला. माझ्या टायरने ऐकला.

ओरिएले दारात उभी होती. हातात लाटणं तसंच राहिलेलं. ती पायऱ्या उतरून त्याच्यापुढे आली.

“झाली ना परीक्षा?” तिने विचारलं.

“ओरिएले, मी... असं नव्हतं गं...”

“झाली का नाही, ते सांग.”

“झाली.”

“मग सांग ना लेआर्को. आता कुठे बसवतोस तिला?”

बाकावरचे सगळे एकदम उठून उभे राहिले. बाक रिकामा झाला. ओरिएले लेआर्कोला सोडून माझ्याशेजारी जमिनीवर बसली. “बाक माझा होता,” ती म्हणाली. “मी एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. मी हसले.” हे तिने कुणाला सांगितलं कुणास ठाऊक. जवळ मीच होते.

मला इथेच उभं करायचं, असं तिनेच ठरवलं. माझे वाकलेले दांडे बघून येणारे जाणारे सावध होतील, असं तिला वाटलं. मलाही वाटलं होतं. लेआर्कोने नेव्हिओच्या शेजारी मिर्नाचाही फोटो लावला. बाकावर बसायला नाही मिळालं तिला, बाकाच्या वर जागा मिळाली.

हिवाळाभर तिथे कुणी बसलं नाही. वसंतात एकजण टेकला, मग दुसरा बसला. बसेनात का? माणसाचे पाय दुखतात. लेआर्को आता बसत नाही आणि वाकतही नाही. कोपऱ्यात उभ्याने कॉफी पितो. पण वाकायला शिकवलेली माणसं त्याने भरपूर तयार करून ठेवली आहेत, ती वाकतात.

मागच्या रविवारी डालिला नावाची एक मुलगी आली. खालच्या शहरातली, नव्या परवान्याची. गाडी माझ्याच प्रकाराची, निळी, माझी धाकटी बहीण शोभावी अशी. मागच्या टायरला केस. तिच्याबरोबरच्या पोरांनी तिला माझ्याकडे आणलं.

“ही बघ. ही त्या मिर्नाची.”

मला वाटलं, ही तरी माझ्या दांड्यांकडे बघेल. पोच्याकडे बघेल. ती मागे गेली आणि वाकली.

“बापरे,” ती हळूच म्हणाली. “कडेपर्यंत!”

तिच्या आवाजात भीती नव्हती, मित्रांनो. हेवा होता. मग तिने मान वळवून स्वतःच्या टायरकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. बाकावरून कुणीतरी म्हणालं, “तुझ्या गाडीला न्हावी पाठवू का गं?” आणि चौघं हसले. लेआर्कोने पेला खाली ठेवला आणि दरीकडे तोंड फिरवलं.

ओरिएले तव्यावरची पियादिना तशीच टाकून बाहेर आली. तिने बाकावरच्या पोराला दंडाला धरून उठवलं आणि डालिलाला म्हणाली, “ये. इथे बस.”

“मी?”

“तूच. बस, गरम काहीतरी आणते.”

डालिलाने बाकाकडे बघितलं, वरच्या फोटोंकडे बघितलं. “नको बाई,” ती आदराने म्हणाली. “फुकट नाही बसायचं मला. बसेन तेव्हा हक्काने बसेन.”

तिने हेल्मेट चढवलं आणि निळी गाडी घेऊन घाट उतरू लागली. ओरिएले माझ्या गादीवर हात ठेवून उभी राहिली. आम्ही दोघी ऐकत राहिलो. पहिलं वळण, दुसरं वळण. मग पाणचक्कीचं. आवाज दबला आणि थांबल्यासारखा झाला. ओरिएलेची बोटं माझ्या टाक्यांमध्ये रुतली. मग खालून, वळणापलीकडच्या पुलाच्या बाजूने, आवाज पुन्हा वर आला. या खेपेला ती सुखरूप पार झाली. ओरिएले आत जाऊन करपलेली पियादिना फेकायला लागली.

तर मित्रांनो, गाडीला तेल घाला, पुसा, पावसात ठेवू नका, हे सगळं मी सांगणार नाही. माझं ते सगळं झालं होतं, कुणी कमी केलं नव्हतं. तुमच्याकडे घाट नसेल, पण बाक असेल. वर्गात असेल, कट्ट्यावर असेल, घरात जेवणाच्या ताटाभोवती असेल. त्या बाकाजवळ कुणी नवीन आलं तर त्याच्या मागे जाऊन वाकू नका. तोंडाकडे बघा. तो कडेपर्यंत जाऊन येईल याची वाट बघू नका, कारण सगळे परत येत नाहीत.

बाकावर जागा असते. जरा सरकलं की होते.